वाळूच्या टेकड्यांवरचा पाऊस

बाबा, तुम्ही हसाल, पण या पाणथळ देशात एक वाळवंट आहे. आमच्या फेल्डहोवनच्या घरापासून गाडीने जेमतेम पाऊण तास. पाइनच्या झाडीतून बाहेर पडलं की एकदम नुसती वाळू, दूरवर पसरलेली. इथली माणसं तिला कौतुकाने सहारा म्हणतात. एरवी इथे पाऊस इतका की त्याची कुणाला किंमत नाही. त्यातच सायकली हाणत लोक कामाला जातात. पण सगळं जग दारं लावून बसलं त्या वर्षी, ऐन वसंतात, पाऊसही कुठे अडकला कोण जाणे. आठवडेच्या आठवडे थेंब नाही. हिरवळी पिवळ्या पडल्या, रानात आगीच्या इशाऱ्याच्या पाट्या लागल्या. मला आपला तालुका आठवायला लागला.

तहसील कचेरीच्या आवारातलं पर्जन्यमापक तुमच्याकडे होतं. सकाळी बरोबर आठला तुम्ही कुलूप काढणार, आतली बाटली उचलून उजेडात धरणार आणि वहीत लिहिणार, निरंक. मी आठ वर्षांची, तुमच्या मागे उभी. त्या श्रावणात रोज निरंक, आणि रोज तुमचा चेहरा उतरलेला. मला तो बघवेना. एका सकाळी तुमच्या आधी जाऊन मी नरसाळ्यात तांब्याभर पाणी ओतलं. तुम्ही बाटली काढलीत, मग पायाखालच्या कोरड्या ठणठणीत मातीकडे बघितलंत, मग माझ्याकडे. मारलं नाहीत. म्हणालात, "न पडलेला पाऊस मी लिहिला तर वाड्या-वस्त्यांवरचे टँकर बंद करतील. त्या बायकांनी पाणी कुठून आणायचं?" पाणी ओतून दिलंत आणि निरंक लिहिलंत. मार परवडला असता.

तर इथल्या त्या कोरड्या वर्षी, मे महिन्यात, आईचं हृदय दगा द्यायला लागलं. दादाने तिला सांगलीला दवाखान्यात ठेवलं. तिथे एकाच माणसाला आत सोडत होते, आणि इथून विमानंच बंद. वकिलातीचा फॉर्म भरला, परत नेणाऱ्या खास विमानांच्या यादीत नाव घातलं, रोज फोन केले. "मॅडम, वी विल इन्फॉर्म यू." तुम्ही न पाहिलेला तुमचा जावई ऑफिसची कामं स्वयंपाकघरातल्या टेबलावर उरकत होता, त्याच्या मीटिंगा चालायच्या आणि मी ओट्याशी फोन हातात धरून उभी. पोळ्या करपत होत्या. दादा सांगायचा, आज बरी आहे. दादा सांगायचा, आज नाही. मी दोन्हीला "बरं" म्हणायचे. दुसरं काय म्हणणार होते? इतकं हतबल मला कधीच वाटलं नव्हतं, तुम्ही गेलात तेव्हासुद्धा नाही. तेव्हा निदान तुमचे पाय धरून बसता आलं होतं.

एका शनिवारी नवरा म्हणाला, "चल, बाहेर पडू. फोनकडे बघत बसून काय होणार आहे? पोरगीही कंटाळलीये." म्हणून आम्ही त्या वाळूत चालायला गेलो. तास-दीड तास चाललो असू. वाळूत पाय रुततात, चढावर एक पाऊल पुढे टाकलं की अर्धं मागे घसरतं. लेक पुढे पळतेय, नवरा पाण्याची बाटली घेऊन तिच्यामागे, मी सगळ्यात शेवटी. आणि आभाळ अंधारून आलं. पहिले टपोरे थेंब वाळूत पडले तशी बारीक बारीक भोकं उमटली. लेक ओरडली, "हेट रेखेंट! आई, इट्स रेनिंग!" मग तो कोसळायलाच लागला. नवरा झाडांकडे पळाला. मी मात्र पिशवीतला डबा रिकामा केला, वाळूत सपाट जागा करून मांडला आणि शेजारी फतकल मारून बसले. लेक आली. "व्हॉट आर यू डुइंग?" म्हटलं, "पाऊस मोजतेय." ती हसत सुटली, मीही हसले. किती दिवसांनी हसले होते! अंगावरचे कपडे ओले गच्च, तोंडात वाळू, आणि आई दवाखान्यात आहे हे मी साफ विसरले होते.

पाऊस थांबल्यावर गाडीपाशी येऊन दादाला फोन लावला. म्हणाला, "अगं, आई छान जागी होती. तुझ्याशी बोलायचंय म्हणत होती, किती वेळ फोन धरून बसलो. आता परत आत नेलंय तिला." मी म्हणाले, "दादा, तिकडे वाळूत रेंज नव्हती रे." दुसऱ्या दिवशी सकाळी आई गेली. मी तिचं सगळं मोबाईलच्या पडद्यावर बघितलं, तेही चित्र मधेच थांबत होतं. दादा उलट माझीच समजूत घालत होता, "असू दे. वाळवंटात कुठली आलीये रेंज!" आजही पाहुण्यांना तो असंच सांगतो, आणि मी मान खाली घालून ऐकते.

हे तुम्हाला लिहितेय कारण तुम्हाला पाठवावं लागणार नाही. दादाचा पत्ता आहे, पण त्याला पाठवायचा धीर नाही.

बाबा, रेंज होती. फोन वाजला तेव्हा दादाचं नाव मी वाचलं होतं, आणि आवाज बंद करून फोन पिशवीच्या तळाशी ठेवला होता. मला अजून थोडा वेळ भिजायचं होतं.