दानीचं पाणी

पुंता लागाव, ३ मार्च

चि. दानीस,

आतेचे, तुझ्या थोरल्या बहिणीचे, आशीर्वाद. वि. वि. फोनवर तू नुसता हो हो करतोस आणि ठेवून देतोस, म्हणून लिहायला बसले. बहिणीचं पत्र निदान शेवटपर्यंत वाचशील.

परवा कंपनीवाले आले. बास्केटबॉलच्या मैदानात पांढरी चादर बांधून सगळ्या गावाला सिनेमा दाखवला. खाडी आपलीच, पण आपण त्यात नाही. शिंपल्या वाढवायला रोवलेले बांबू नाहीत, पाण्यावरची घरं नाहीत. त्या जागी लाकडी हॉटेल, आणि पाणी असं निळं की कपडे बुडवून नीळ द्यावी. येत्या शनिवारी तिथेच हात वर करायचे आहेत. हात जास्त झाले की खाडी त्यांची आणि आपण डोंगरावर. डोंगरावर शिंपल्या कशा धरायच्या, असं मी विचारलं, तर गावच्या कप्तानाने मला खाली बसवलं.

मग त्यांनी ते हॉटेल खालून दाखवलं. फळ्यांच्या पोटावर उन्हाची जाळी हलत होती. लाट आखडली की जाळी बारीक होऊन चमकायची. लहानपणी तापात तू आपल्या घराखाली होडीत उताणा पडून दिवसभर तेच बघायचास. नानायने, आपल्या आईने, ते ओळखलं. भर मैदानात रडली, आणि बाकावरच्या बायकांना सांगत सुटली की हे माझ्या दानीचं पाणी.

खरं सांग, कॉम्प्युटरवर चित्रं करायचं तुझं काम, हे पाणी तूच केलंस ना? केलं असशील तर शनिवारच्या आत ये आणि ते कॉम्प्युटरमधलं आहे म्हणून सर्वांसमोर बोल. माझं ती ऐकत नाही. सुके मासे पाठवलेत. काटे काढून खा, शहरात राहून तेही विसरला असशील.

माया आहे, कुठे जात नाही. तू ये.

पुरिता


मनिला, ७ मार्च

ती. आतेस,

सा. न. वि. वि. मासे पोचले. काटे तुझ्या बोलण्यापेक्षा कमीच होते.

होय, पाणी माझंच. आम्हाला गावाचं नाव सांगत नाहीत, नुसती एक खाडी म्हणाले. आधी मी आपल्यासारखं केलं होतं, हिरवट, ऊन हातभर आत जाऊन विरणारं. साहेब म्हणाला, यात कोण पोहायला उतरेल, गाळ काढ. गाळ काढला तर ऊन तळापर्यंत जातं, म्हणून तळ दाखवावा लागला, तिथे पांढरी वाळू घातली. तरी पाणी मेल्यासारखं दिसत होतं. तेव्हा घराखालचं ऊन आठवलं. तेवढंच मी मनापासून केलं, आणि नेमकं तेच नानायने बघितलं.

शनिवारपर्यंत येणं होत नाही. आत्ता उठलो तर नोकरी जाईल, आणि तुझ्या भावजयीचे, लोर्नाचे, दिवस भरत आलेत. नानायला सांग, त्या पाण्यात गाळ नाही, म्हणजे शिंपल्यांना खायलाही काही नाही. मी सांगितलंय म्हणून सांग. फोनवर तिच्याशी बोलायची माझी छाती होत नाही.

रागाव, पण तोडू नकोस.

दानी


पुंता लागाव, २० मार्च

चि. दानीस,

आशीर्वाद. तुझं पत्र बोटीने आलं तोवर शनिवार होऊन गेला होता. फोन हातात असून तू टपालावर भरवसा ठेवलास. आता तुझ्या छातीचं मी काय करू?

पहिला हात नानायने वर केला. मी दंड धरून खाली ओढला, तर तिने दुसरा केला. तिच्यामागून बाकावरच्या सगळ्या बायकांनी केले. घरी आल्यावर मी भांडले, तर म्हणाली, "माझं पोर खोटं पाणी दाखवणार नाही."

तुझं पत्र तिला वाचून दाखवलं. गाळाचं नुसतं ऐकून घेतलं. घराखालचं ऊन आठवलं, ते मात्र परत वाचायला लावलं.

आता बांबू उपटताहेत. त्यांचा मोठा तराफा आपल्या घरासमोर आणून लावलाय, त्याने ऊन अडलंय. नानाय सकाळी जमिनीची फळी उचलून खाली वाकून बघते. आज मला विचारत होती, दानीचा उजेड का पडत नाही. मी म्हटलं, त्यालाच विचार.

तेव्हा आता लिहू नकोस. ये, तिच्या शेजारी गुडघे टेक आणि त्या फटीतून खाली बघ. मग काय सांगायचं ते तिला सांग.

लोभ होता तसाच आहे, पण न्यायला इथे यावं लागेल.

पुरिता