यंत्राखालचा दगड हलवू नये

मी, ओब्रेन तेशिच, बंद पडलेल्या कारखान्यातला निवृत्त फिटर, राहणार चाचाक शहराजवळ नदीपलीकडच्या गावी, आज दुपारी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून हे स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. बिघडली आहे ती हृदयाची झडप, आणि ती उद्या बेलग्रेडच्या इस्पितळात बदलायची आहे. चार वाजता गाडी न्यायला येईल. "घरची कामं उरकून या," असे डॉक्टरीणबाई हसत म्हणाल्या. ते हसणे मला आवडले नाही. मला कोणी धाक घातलेला नाही, कोणी पाजलेली नाही. राकिया उन्हाळ्यापासून बंद आहे, याचीही नोंद असावी.

पहिले. घर, मागची आलुबुखाराची झाडे आणि बँकेत जे असेल ते माझी बायको यागोदा हिचे. ती म्हणेल, मला काही नको. तिचे ऐकू नये. मुलगी नेवेना परदेशात, लिंझला सुखात आहे. तिला माझे मनगटी घड्याळ द्यावे, आणि तिने आईला तिकडे नेण्याचा हट्ट धरू नये. यागोदाला त्या देशात श्वासही घेता येत नाही.

दुसरे. भंगारवाला मिलोयको याने पोराची शपथ घेऊन "सरळ आहेत" म्हणून मला दोन लोखंडी पट्ट्या दिल्या. दोन्ही काकडीसारख्या वाकड्या निघाल्या. त्या त्याला परत कराव्यात. माझ्या शवपेटीला त्याने खांदा देऊ नये. त्याची सरळ कुठली आणि वाकडी कुठली, हे आता मला कळले आहे.

तिसरे. मागच्या खोलीतले यंत्र. संगणकाने सांगावे आणि त्याने लाकूड कोरावे, असे हे यंत्र मी कचऱ्यातून उभे केले आहे. मोटारी टाकून दिलेल्या झेरॉक्सच्या मशिनींतल्या, आट्यांचे दांडे कारखान्याच्या लिलावातले, पाते फिरवणारा राउटर माझा जुनाच. पाते सरकायला पहिल्यांदा कपाटाच्या खणांच्या पट्ट्या लावून पाहिल्या. पाते लाकडाला टेकले की सगळे डगडगायचे. नंतर मिलोयकोची मेहरबानी झाली. अखेर एका मोडीत निघालेल्या छापखान्यातून चांगल्या पट्ट्या मिळाल्या. जो कोणी हे चालवील त्याने हातमोजे घालू नयेत, आणि यंत्र चालू ठेवून कॉफी प्यायला जाऊ नये. लाल बटण उजव्या हाताला आहे. ते शोभेसाठी लावलेले नाही.

चौथे, आणि यावरून घरात भांडण होणार हे मला माहीत आहे. सगळ्यांसारखा मीही आपल्या थडग्याचा दगड जिवंतपणीच, वेळेवर करून घेतला होता: नाव, १९५३, पुढे आडवी रेघ आणि तिच्यापुढे जागा मोकळी. अंगणात तो नुसता उभा होता. यंत्राला सपाट, जड, न थरथरणारी बैठक हवी होती, आणि तशी ओतीव बैठक घेण्याची माझी ऐपत नव्हती. तेव्हा दगड विटांच्या दोन कट्ट्यांवर आडवा केला, नाव खाली घातले आणि वर यंत्र बसवले. यागोदा रडली. "उद्या मी मेणबत्ती कुठं लावू? तुझ्या भंगारापुढं?" असे म्हणाली. तिला माझे सांगणे एवढेच, की थडग्यावर लाकडी क्रॉस लावावा. दगड यंत्राखालून काढू नये. तो हलला की सगळेच हलले.

या दगडाने एक अडचण करून ठेवली आहे, ती पुढच्या मालकाला ठाऊक असावी. यंत्र अजून काटकोनात नाही. चौकोन कोरायला सांगितला की पतंगासारखा तिरका कोरते. पाते धरणारा वरचा आडवा पूल एकाने एका अंगाने दाबून धरायचा आणि दुसऱ्याने बोल्ट आवळायचे, मग दोन्ही कर्ण मोजून पाहायचे, असे ते काम आहे. मला हात दोनच. यागोदा त्या खोलीत पाऊल टाकत नाही. शेजारपाजारचे धडधाकट बाप्ये, डुक्कर कापायला सगळ्यांच्या पुढे, पण जित्या माणसाच्या थडग्याच्या दगडाला हात लावायचा म्हटला की एकेकाची कंबर दुखते.

पाचवे. हे यंत्र माझा थोरला भाऊ वेलिसाव याला द्यावे.

तो कुंपणापलीकडे राहतो आणि लाकूड कोरतो. या खोऱ्यातल्या चर्चांतले अर्धे संत त्याच्या हातचे आहेत. तीन वर्षांपूर्वी संत निकोलाच्या सणाला, माझ्याच टेबलावर, माझेच खाऊन, तो सगळ्यांसमोर म्हणाला, "मशीननं कोरलेल्या संताला डोळे असतात, नजर नसते. ते भूत चालू केलंस तर मला भाऊ नाही." भाकर मोडण्याआधी उठून गेला. त्या सणाला कोणी कोणाला बोलावत नाही, ज्याचे त्याने यायचे असते. म्हणून मी बोलावले नाही. तो आला नाही. त्याचे ताट दरवर्षी मांडले आणि दरवर्षी तसेच उचलले.

मागच्या वसंतात स्मशानात आईच्या थडग्यावर मेणबत्ती लावताना त्याच्या काड्या एकामागून एक विझल्या. वारा नव्हता. त्याने हात खिशात घातला तो घातलाच. वेदीपुढच्या दोन दारांचे काम त्याच्याकडे आहे, आणि धर्मगुरू आता दुसऱ्या गावच्या कारागिराकडे चौकशी करत आहेत. ते काम गेले तर वेलिसाव अंथरूण धरील आणि पुन्हा उठणार नाही. मी त्याला ओळखतो. खोल खोदकाम यंत्राने काढावे, शेवटचा हात त्याने फिरवावा. पटाशी दोन्ही हातांनी धरली की त्याची थरथर थांबते, हे मी त्याच्या खिडकीतून पाहिले आहे. पाहिले तर पाहिले. नजर त्याने घालावी. मला राग आहेच, तो मी बरोबर नेईन.

येथवर लिहून मी थांबलो होतो. पुढचे नंतर लिहिले आहे, म्हणून अक्षर वेगळे दिसेल.

साक्षीला शेजारीण रादोयका येऊन बसली. तिने कोर्टात कारकुनी केली आहे. दुसरा साक्षीदार पोस्टमन, तो आलाच नाही. तीन वाजून गेले होते. रादोयका मला न विचारता कुंपणाशी गेली आणि तिने वेलिसावला हाक मारली. तो आला. टोपी काढली नाही, हात खिशातून काढला नाही. यागोदाने त्याच्यापुढे कॉफी ठेवली, ती त्याने पाहिलीही नाही. रादोयकाने एकेक कलम वाचले. पाचवे वाचताना माझी छाती इतकी धडधडत होती की झडप तिथेच निकामी होते की काय असे वाटले.

वाचून झाल्यावर ती म्हणाली, "वेलिसाव, तू सही केलीस तर पाचवं कलम गेलं. ज्याला मिळतं त्याची साक्ष चालत नाही. दुसरं कोणी शोधू या."

त्याने खिशातला हात काढून टेबलावर ठेवला. थरथरू दिला. बशीतला चमचा वाजत होता. "पेन दे," म्हणाला.

"दादा, वेडेपणा करू नकोस," मी म्हणालो. "मशीन हातची जाईल."

"मेलेल्याकडून मी काही घेत नाही. द्यायचं असेल तर ऊठ आणि आत्ता दे."

मी उठलो. मागच्या खोलीत त्याने दगडाला खालून हात लावून माझे नाव चाचपले. मग पुलाला खांदा लावला आणि सगळे वजन टाकले. हात थरथरत होता, खांदा नाही. मी बोल्ट आवळले. एकदा चुकले, पुन्हा सैल केले, पुन्हा आवळले. मोजायची फीत त्याने एका टोकाला धरली, मी दुसऱ्या. दोन्ही कर्ण सारखे आले. यागोदा दारात उभी होती, मग तिने पाऊल आत टाकले.

तो म्हणाला, "यावर तुझ्या मरणाचं साल घालायचं तर हे सगळं उकलावं लागेल. पुन्हा जुळवायला मी एकटा पुरणार नाही. तेव्हा नीट ऐक. मी हा दगड उलटू देणार नाही."

सबब पाचवे कलम रद्द. यंत्र आज, मी जिवंत असताना, त्याच्या हाती दिले आहे, त्याचा या मृत्युपत्राशी संबंध नाही. चौथे कलम कायम. गाडी फाटकाशी भोंगा वाजवत आहे.

ओब्रेन तेशिच

साक्षीदार: रादोयका माक्सिच, शेजारीण. माझ्यासमोर लिहिले, माझ्यासमोर सही केली.

साक्षीदार: वेलिसाव तेशिच, कोरीव काम करणारा. सही वाकडी आहे, माझीच आहे. डावं दार मी उद्या सुरू करतो. उजवं तू आल्याशिवाय कापणार नाही.

स्थळ: आमचे स्वयंपाकघर
दिनांक: २७ नोव्हेंबर २०२३