दादांनी राखलेली खुर्ची

तीर्थस्वरूप दादांस,

माझ्या लेकीसाठी तुम्ही ऑफिसात खुर्ची राखली आहे, तरी ती वृद्धाश्रमातच नोकरी धरणार आहे.

"म्हाताऱ्यांची नखं कापायला तत्त्वज्ञानाची पदवी कशाला?" असं तुम्ही परवा विचारलंत. नखांसाठी नकोच. पण तिथले निवृत्त न्यायाधीश कुणाला हात लावू देत नव्हते. कॉलेजात असताना ती तिथे सेवेला जायची. एकदा आत्मा आहे की नाही यावर तिने त्यांच्याशी कडाडून वाद घातला आणि वादाच्या भरात त्यांनी हात पुढे केला. आत्म्याचा निकाल लागला नाही, नखं मात्र कापून झाली. तिचं काम तिला तिथेच सापडलं.

मी तिला समजावणार नाही.

हे पत्र टाकत नाही. तुमच्यासमोर माझी जीभ अडखळते, म्हणून आधी लिहून पाहिलं. संध्याकाळी तोंडावर सांगायला येतोय.

आजवर आज्ञाधारक असलेला,
धाकटा भाऊ