कानातला मटार

३ ऑक्टोबर १९८३
आमचा चेमो आज टीव्हीवर बोलला! आजवर मालिकेत नुसतं स्ट्रेचर ढकलायचा. आज मेलेल्या बाईवर पडून रडत म्हणाला, "देवा, गॅस चालूच राहिला घरी!" शेजारची दोन्या चोले हुंदके देत होती. मला कळेना, गॅस आला कुठून?

४ ऑक्टोबर
कळलं. तिकडे कुणी काही पाठ करतच नाही! कानात मटाराएवढं यंत्र बसवतात, आत बसलेला माणूस वाक्य सांगतो, की नट तेच म्हणतात. त्या माणसाला मध्येच स्वतःच्या घरचा गॅस आठवला. आमच्या चिरंजिवांनी तेही रडून म्हटलं. "आई, दिग्दर्शकाला फार आवडलं!" — ह्यासाठी बापाची पावाची भट्टी सोडली.
हे ईस्टरपासून त्याच्याशी बोलत नाहीत. एकाच टेबलावर बसून मला सांगतात, "त्याला म्हणावं, मीठ दे." मी म्हणते, "चेमो, मीठ." ह्या घरातला मटार मीच.

१० ऑक्टोबर
सिनेमासाठी बोलावणं! चाचणी अठ्ठावीसला, अडलेली कामं करणाऱ्या संत हुदासच्या सणालाच. पण सिनेमात मटार नाही, तोंडपाठ हवं. नाही जमलं तर परत भट्टीवर — चेमो स्वतःच म्हणाला. पहिल्या कम्युनियनला "आमच्या स्वर्गातल्या बापा" एवढंच म्हणून पुढची प्रार्थना विसरलेला पोरगा. त्याला चार पानं!

१६ ऑक्टोबर
चर्चमध्ये पापाची कबुली दिली — मालिका बघत जपमाळ ओढते. फादर सिप्रियानो म्हणाले, "पाप लहान आहे. पण बाई, मालिकेतली ती आंधळी लग्न करते कुणाशी? तुमचा मुलगा आत आहे, विचारा की!"

१९ ऑक्टोबर
टोर्टिया भाजता भाजता मी सिनेमातल्या बापाची वाक्यं वाचते. पळून गेलेला मुलगा घरी येतो, बाप विचारतो, "कशाला आलास?" चेमो तिथंच अडकतो. रोज. हे आत रेडिओ मोठा करून बसतात. आज म्हणाले, "त्याला म्हणावं, गाढवालासुद्धा एव्हाना पाठ झालं असतं."
सांगितलं.

२४ ऑक्टोबर
रेडिओ हल्ली बारीक असतो. वीज वाचवत असतील.
संत हुदासपुढे मधली मेणबत्ती लावली, मोठी महाग आहे. त्याला बजावलंय — काम झालं नाही तर मूर्तीचं तोंड भिंतीकडे!

२७ ऑक्टोबर
माझा घसा बसला. आवाजच फुटेना, आणि चाचणी उद्या! "बापाचं मी बोलते," दोन्या चोले म्हणाली, आणि पहिल्याच वाक्याला रडायला लागली.
आतला रेडिओ बंद झाला. हे दारात येऊन उभे, हाताला पीठ. हातात कागद नाही.
"कशाला आलास?"
चेमो उठून उभा राहिला. "चुकलो, बाबा." मग पुढचं सगळं, कुठेही न अडता, अगदी शेवटपर्यंत. ह्यांनी हाताचं पीठ झटकलं. म्हणाले, "बस. जेवून घे."

२८ ऑक्टोबर
चेमो चाचणीला गेला, कागद इथंच राहिले. चारही पानं वाचली. "जेवून घे" त्यात कुठंच नाही.
निकाल सोमवारी. मोठी मेणबत्ती आजच आणली.