नकाशातला बगीचा

बाबा, परवा जन्माच्या दाखल्यासाठी माहेरच्या नगरपालिकेत गेले होते, तिथे जिन्याखाली तुमचा नकाशा दिसला. काच फुटलेली, अर्ध्या गावाला वाळवी लागलेली, उरलेल्या अर्ध्यावर कुणीतरी चुन्याचं बोट पुसलेलं. खरं सांगते, मला वाईट वाटलं नाही. बरं झालं, असंच वाटलं. त्या कागदासाठी तुम्ही आम्हाला घरात पाय वाजवू दिले नव्हते.

महाराष्ट्र होऊन थोडीच वर्षं झाली होती आणि ज्याला त्याला काहीतरी नवं उभं करायचं होतं. गावाने पुढच्या वीस वर्षांत कुठे वाढायचं, घरं कुठे, दुकानं कुठे, शाळा कुठे, हे आधीच कागदावर ठरवून टाकायचं असा कायदा आला, आणि पालिकेचे ओव्हरसियर म्हणून ते काम तुमच्या गळ्यात पडलं. गळ्यात पडलं कसलं, तुम्ही ते हारासारखं घालून घेतलंत. पुण्याला वर्षभराचा कोर्स करून आला होतात, तेव्हापासून घरात 'मले, तुले' म्हणायची चोरी झाली होती. आता तर पुढची खोलीच तुमचं ऑफिस झाली. पिवळं म्हणजे घरं, निळं म्हणजे दुकानं, हिरवं म्हणजे बागबगीचे. धुराने कागद पिवळा पडतो म्हणून तुम्ही रंग देऊन नकाशा गुंडाळून ठेवेपर्यंत आईने फोडणी घालायची नाही. आई चुलीपुढे कांदा चिरून बसलेली असायची आणि माझ्याकडे बघून हळूच म्हणायची, "वीस वर्षानंतरच्या गावाले जेवू घालून राह्यले तुहे बाबा. घरच्याईले मात्र उपाशी." तुम्हाला ते ऐकू जायचं नाही. तुम्हाला वीस वर्षांच्या अलीकडचं काहीच ऐकू जायचं नाही.

नवं गाव आखायच्या आधी आहे ते गाव मोजायचं, हे तुमच्या पुस्तकात लिहिलेलं होतं, म्हणून तुम्ही ते केलंत. पण कसं केलंत? पालिकेची जीप एरवी अध्यक्ष फिरवायचे. बाजाराच्या दिवशी ते गावातच चार लोकांत मिरवत असायचे, म्हणून जीप तुम्हाला त्याच दिवशी मिळायची. नदीकाठची मोजणी तुम्ही अशीच वैशाखातल्या बाजाराच्या दिवशी उरकलीत. भाजी पिकवणारी माणसं बाजारात शेवटच्या तोड्याची भाजी विकायला बसलेली, मळ्यात चिटपाखरू नाही. आणि वैशाखात मळे तरी हिरवे कुठून असणार? वांगी-मिरची काढून झाली की जमीन नांगरून उन्हात तापत टाकायची, म्हणजे कीड मरते, ही इथली रीत. शेंबड्या पोराला विचारलं असतं तरी त्याने सांगितलं असतं. तुम्ही जीपमधून उतरलात, ढेकळं बघितलीत, माणूस दिसलं नाही, आणि वहीत लिहिलंत, 'रिकामी जागा'. मधोमध बांधीव विहीर होती. तिचं तुम्ही सुबक वर्तुळ काढलंत. रिकाम्या जागेत विहीर कुणी कशाला बांधेल, हा प्रश्न तुमच्या डोक्यात आला नाही.

ज्या मळ्यातली वांगी तुम्ही आठवड्यातून दोनदा मिटक्या मारत खात होतात, तो हा मळा. पाटी घेऊन आपल्या दारी येणारी माळीणबाई, जिला आम्ही मावशी म्हणायचो, तिचा. नवरा गेलेला, एक मुलगा. मुलाचं लग्न करायचं, विहिरीजवळ दोन खोल्या बांधायच्या, एवढंच त्या बाईच्या मनात होतं. आणि तुम्ही तिच्या वावरावर हिरवा रंग फासून वर लिहिलंत, 'सार्वजनिक उद्यान'.

पुढच्या वर्षी चैत्र संपता संपता नकाशा पालिकेच्या हॉलमध्ये लावला तेव्हा बघायला सगळं गाव लोटलं होतं. कुणालाच त्यातलं कळत नव्हतं. तुम्ही फूटपट्टी घेऊन उभे, आणि कुणी वेडावाकडा प्रश्न विचारला की नुसते हसायचात. कुणीतरी मावशीला सांगितलं असणार, कारण दुसऱ्या दिवशी ती पाटी न घेताच स्वयंपाकघरात येऊन बसली. तुम्ही जेवत होतात. ताटात तिचंच वांगं होतं.

"साहेब, माह्या वावराले हिरवा रंग काऊन देला?"

"तिथे बगीचा होणार आहे, बाई. सगळ्या गावासाठी."

"बगीचाच हाये ना तो. मी काय तिथं दगडं पेरून राह्यली?"

"मोजणीत ती जागा रिकामी आहे."

"उनायात तापू देतो जी आम्ही जमीन. आखाडात येऊन पाहा."

आई मधे पडली. "अहो, आता तुमी जे खाऊन राह्यले, ते तिच्याच मळ्यातलं हाये."

तुम्ही तिच्याकडे न बघता म्हणालात, "ताटातलं वेगळं आणि नकाशातलं वेगळं. तुला त्यातलं कळत नाही, तू भाकरी वाढ." आणि मावशीला म्हणालात, "हरकतींना दोन महिन्यांची मुदत आहे. लेखी द्या. लेखी आलं तर मी स्वतः जाऊन पुन्हा मोजीन. तोंडी चालत नाही." मग हात धुवून तुम्ही पुढच्या खोलीत गेलात. आईने मावशीला चहा दिला. तिने तो प्याला नाही. त्या दिवसापासून माझ्या मनातून तुम्ही जे उतरलात ते उतरलातच. लिहिता न येणाऱ्या बाईला लेखी द्या म्हणणारा माणूस माझा बाप आहे, याची मला लाज वाटली.

पुढे नकाशा मंजूर झाला. पालिकेने तुम्हाला शाल-नारळ दिला. भाषणात तुम्ही म्हणालात, "एवढ्या मोठ्या आराखड्यावर एकही हरकत आली नाही." हे वाक्य तुम्ही मरेपर्यंत पुरवलंत. माझ्या लग्नात तुम्ही जावयाला नकाशाची प्रत फ्रेम करून दिलीत. ती धाडला, माझ्या सासरी, आणली तेव्हा सासूबाई बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "कोन्त्या देवाचा फोटो हाये हा?" शेवटी ती पिठाच्या पिंपावर झाकण म्हणून ठेवली. तिचा तेवढाच उपयोग झाला.

आणि बगीचा? तो आजतागायत झालेला नाही. पालिका जमीन घेईना, आणि मावशीलाही काही करू देईना. मुलगा खोल्या बांधायची परवानगी मागायला गेला, तर नकाशातलं बगीच्याचं आरक्षण दाखवून परत पाठवलं. दुसऱ्या वेळी गेला, तिसऱ्या वेळी गेला. 'जमिनीवर घर नाही' म्हणून दोन सोयरिकी मोडल्या. वीस वर्षांनी नवा नकाशा झाला, तर त्याही लोकांनी जागेवर न जाता तुमचाच हिरवा रंग जसाच्या तसा उतरवला. तोवर मावशी थकली होती. विहीर ढासळली. तिची डागडुजी करायची कुणाला हिंमत, उद्या सरकार घेणार म्हणून. आता तिथे वेडी बाभूळ आहे आणि 'उद्यानासाठी राखीव' अशी एक गंजलेली पाटी आहे. म्हणजे शेवटी तुमचं खरं झालं, बाबा. जागा रिकामी झाली.

हे सगळं मी कितीजणांना सांगितलं असेल. शाळेत शिकवताना, नातेवाइकांत, माझ्या मुलांना. तुमची ती शाल, ती फूटपट्टी, ते 'एकही हरकत आली नाही'. मी नक्कल करून दाखवते आणि लोक पोट धरून हसतात. तुम्हाला जाऊन तीस वर्षं होतील, पण माझी ही तुच्छता काही कमी झालेली नाही. ती मी जपली, पाणी घालून वाढवली.

आता उरलेलं सांगते. त्या दिवशी चहा तसाच ठेवून मावशी माझ्याकडे आली होती. मी तेव्हा वीस वर्षांची, मास्तरकीचा कोर्स झालेली. "पोरी, तू शिकेल हायेस. मले लिहून दे." मी लिहून दिलं. चांगलं लिहिलं, सर्व्हे नंबरासकट. तिने अंगठा उठवला आणि कागद मलाच परत दिला. "तूच दे बापाच्या हातात. माह्यावर वसकन येते तो." त्याच आठवड्यात धाडची मंडळी मला बघायला येणार होती. घरात तमाशा नको, पाहुणे येऊन जाऊ देत, मग देऊ, असं म्हणून मी कागद ट्रंकेत साड्यांखाली ठेवला. पाहुणे आले, पसंती झाली, याद्या झाल्या, आणि मुदत संपली. मावशीने विचारलं, "देला का?" मी म्हटलं, "हाव, देला." तिने पाटीतली एक मेथीची जुडी माझ्या हातात ठेवली, आणि मी ती घेतली.

तुम्ही कसेही होतात, पण हातात आलेला लेखी कागद तुम्ही कधी दाबून ठेवला नाहीत. तुम्ही म्हणाला होतात, स्वतः जाऊन मोजीन. मुदत संपली तेव्हा आषाढ लागला होता आणि मळ्यात वांग्याची रोपं उभी होती. तुम्ही गेला असतात. शिव्या घालत, धोतर वर धरून चिखलातून गेला असतात आणि रंग खरवडून काढला असतात. हे मला तेव्हाही माहीत होतं. एवढी वर्षं तुमची नक्कल करून लोकांना हसवते, ती हे आठवू नये म्हणूनच.

हे पत्र तुम्हाला लिहिण्यात काही अर्थ नाही. मावशीही गेली. लिहायला हवं तिच्या मुलाला. तो अजून गावातच आहे, भाड्याच्या खोलीत राहतो, एकटाच. परवा पालिकेच्या दारात तोच भेटला. त्याने मला ओळखलं, "ताई, चहा घेऊन जा" म्हणाला. मी म्हटलं, माझी एसटी निघते. एसटीला अजून दीड तास होता.