अभी गप झाला तेव्हा

प्रिय सुमन,

उद्या वसंता येतोय, आपल्या अभीला न्यायला. अशा मुलांना सांभाळणारी पुण्याजवळची एक संस्था त्याने पाहून ठेवली आहे. तुझ्या भावाला काय उत्तर द्यावं ते सुचेना, म्हणून दुकानाचं शटर अर्धंच वर करून, अभीला शेजारी बसवून तुला लिहायला बसलोय.

भीती वाटतेय गं. तुझ्यापाशी कसली लाज?

सगळं सुरू झालं तुझ्या शब्दावरून. कलकत्त्याच्या मेट्रोची सगळी स्टेशनं एका दिवसात करायची! तेवीस वर्षांच्या पोराला असा शब्द कोण देतं? आणि देऊन असं निघून कोण जातं? तू गेल्यापासून रोज दात घासता घासता विचारायचा, "बाबा, आज सगळा स्टेशन?" इथल्या बंगालीत वाढलेलं पोर, त्याच्या मराठीत आईसुद्धा 'आला' आणि गाडीसुद्धा 'आला'. किती दिवस टाळणार? काल निघालो.

झटके येणारं पोर घेऊन अख्खा दिवस एकट्याने बाहेर काढायची माझी ही पहिलीच वेळ. आजवर त्याच्याजवळ तू असायचीस आणि मी बडाबाजारात, सोनं गाळत. निरोप मिळून घरी पोचेपर्यंत तो झोपलेला असायचा आणि तू चहाचं आधण ठेवलेलं असायचं. मधलं काहीच मी कधी पाहिलं नाही.

त्यात तुमचा दोघांचा तो नियम! प्रत्येक स्टेशनावर उतरायचं, दोन्ही पाय फलाटावर टेकवायचे, मगच पुढची गाडी. मी एकदा दारातूनच एक पाय लावून आत वळलो, तर दंडाला धरून बाहेर ओढलं मला. "बाबा, चीटिंग!" सगळा डबा हसला.

हावडा मैदानहून निघालो. गाडी हुगळीखाली शिरली, बोगद्यात निळे दिवे दिसायला लागले, लोकांनी मोबाइल वर धरले. डोक्यावर एवढी नदी, हाताशी हे पोर, आणि खिशात तू त्याच्यासाठी जवळ ठेवायचीस त्या गोळ्या, ज्या कधी द्यायच्या ते मी डॉक्टरांना पुन्हा पुन्हा विचारून घेतलं होतं. अभी मात्र खुशीत! लाउडस्पीकरच्या आधी हाच ओरडायचा, "पोरोबोर्ती स्टेशन शियालदा!" पुढचं स्टेशन शियालदा. समोरची एक बाई म्हणाली, "आपनार छेले तो माइकेर आगेइ बोले दिच्छे!" माइकच्याही आधी सांगतोय तुमचा मुलगा. मला काय अभिमान वाटला म्हणून सांगू!

माझे कान तुला ठाऊक आहेत. पलीकडच्या गाळ्यात दलाल कुजबुजले तरी मला इकडे भाव कळतो. त्यावर तुझा टोमणा ठरलेला: "परक्याची कुजबुज ऐकू येते, घरात कुकर शिट्ट्या मारून दमला तरी पत्ता नाही!" काल दिवसभर ते कान मी अभीच्या पुटपुटण्याला लावून ठेवले होते, बाई. एकदाही काढले नाहीत.

म्हणजे, एकदाच काढले.

नव्या मार्गाच्या जमिनीखालच्या फलाटांना कडेला काचेची भिंत आहे. गाडी येऊन थांबली की मगच तिची दारं उघडतात. तिथे जीव जरा थाऱ्यावर होता. सेक्टर फाइव्हपर्यंत जाऊन परत एस्प्लनेडला आलो आणि जुनी लाइन धरली. तिथे काच नाही, काही नाही. एक पिवळी पट्टी आणि पलीकडे थेट रूळ.

कालीघाटला उतरलो आणि वसंताचा फोन आला. "दाजी, कुठं हाय? पोरगं दमलं असंल. ऐका माझं, तुमच्यानं एकट्यानं हुयाचं न्हाई हे."

मी फुशारकीने म्हणालो, "अरे, सकाळपासून फिरतोय! काही झालं का? आता बघ, कसा शांत उभा आहे. अगदी गप."

गप!

सुमन, मघापासून त्याचा आवाज थांबला होता आणि मला त्याने बरं वाटलं होतं! आमच्या धंद्याची ही खोड. तेजाबात टाकलेला माल फसफसतो तोवर आत मळ आहे असं समजायचं. आवाज बसला की माल शुद्ध झाला, माणसाने श्वास सोडायचा. सारं आयुष्य मी शांततेला चांगली खबर समजत आलो. आणि तू हजारदा बजावलं होतंस: "बडबडतोय तोवर काळजी नाही. गप झाला की धरा."

वळून पाहिलं तर तो पिवळ्या पट्टीवर, नजर कुठेच नाही, उजवा हात वाकडा होत चाललेला, आणि बोगद्यातून गाडीचा उजेड. फोन कुठे पडला कळलं नाही. मी मागून त्याच्या कमरेला मिठी मारली आणि स्वतःला मागे झोकून दिलं. गाडी आमच्या पायांपासून हातभर अंतरावरून गेली. तो वारा अजून माझ्या अंगावर आहे गं.

मग तो थरथरायला लागला. गर्दी जमली. कुणी ओरडलं, "जुतो शोंकाओ!" आणि एकाने खरंच पायातला बूट काढला, नाकाशी धरायला. मी एवढ्या मोठ्याने ओरडलो की तो बूट हातात घेऊन तसाच मागे सरला. तू सांगितलेलं आठवत गेलो. कुशीवर वळवा. तोंडात काही घालू नका. दाबून धरू नका. घड्याळ बघा. घड्याळ बघत होतो, पण काटे दिसत नव्हते. मला वाटलं, हा आता थांबणारच नाही. तू हे कसं पाहत होतीस? वर चहा कसा टाकत होतीस?

थांबला. घोरल्यासारखा श्वास यायला लागला. बूटवाल्यानेच माझा फोन शोधून आणून दिला. चालूच होता. पलीकडे वसंता रडत होता. "दाजी, सगळं ऐकलं म्या. आता तरी हट्ट सोडा. मी येतो."

माझ्या तोंडून निघालं, "ये."

हो, म्हणालो मी तसं. त्या क्षणी मला पोर कुणाच्या तरी हवाली करून पळून जावंसं वाटत होतं.

बऱ्याच वेळाने अभी उठून बसला. टॅक्सीने घरी जाऊ म्हणून मी हाताला धरलं, तर त्याने हात सोडवला. मी घाबरलो. तो वळला, माझी तर्जनी धरली आणि आपल्या पँटच्या मागे, पट्टा ओवायची जी छोटी पट्टी असते ना, तिच्यात अडकवली. "अशी. आई अशी धरतो." आणि माझ्यापुढे चालायला लागला.

मला हे का सांगितलं नाहीस? की तुलाही ते कधी सांगण्यासारखं वाटलं नाही? जिन्यावरून वर येईपर्यंत त्याचा प्रत्येक तोल माझ्या बोटाला कळत होता.

वसंता वाईट नाही. त्याचं म्हणणं खोटंही नाही. एखाद्या दिवशी मी पुन्हा चुकेन, ही भीती आहेच. पण उद्या त्याला जेवू घालीन, तुझ्यासारखं झणझणीत जमलं नाही तरी, आणि एकट्यालाच परत पाठवीन. भट्टी दुपारपर्यंत दुकानातला विष्णू बघेल, त्याच्याशी बोललोय. उरलेली स्टेशनं आम्ही थोडी थोडी करू. एका दिवसाचा तुझा शब्द मोडला, तेवढं अभीला मीच समजावीन. त्याला कुठेही पाठवणार नाही, सुमन. घाबरत घाबरत सांभाळीन, पण बोट सोडणार नाही.

जे नाव तू जन्मभर तोंडातून काढलं नाहीस, तेच खाली लिहितोय. चालवून घे.

तुझा,
दिनकर