खाली जाणारं पेडल

मेहुणेबुवांना सप्रेम नमस्कार.

तुमची कंबर आता कशी आहे? (कपाट सरकवताना लचकली असं तुमची ताई म्हणाली. आधी कळवलं असतंत तरी मी कपाट सरकवायला आलो नसतो, पण विचारपूस नक्की केली असती.) इकडे सगळे खुशाल आहेत, गाडी सोडून.

तुमच्या भाचीला परगावी नोकरी लागली हे तुम्हाला ठाऊकच आहे. रविवारी तिला नव्या खोलीवर मीच, आपल्या गाडीतून, सोडणार असं मी गल्लीभर सांगून ठेवलंय. आणि नेमकी आत्ताच आपली म्हातारी रुसली. उतारावरच्या सिग्नलला ब्रेकवर पाय ठेवून उभा होतो, तर पेडल हळूहळू खाली जाऊन पार तळाला टेकलं आणि गाडी पुढच्या टेम्पोला जाऊन चिकटली. टेम्पोवाल्याने माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मी तिथल्या तिथे ठरवलं, हा दोष मीच शोधणार. (गॅरेजवाला शेजारीच आहे, पण त्याची पँट माझ्या हातून आखूड झाली तेव्हापासून आमचं बोलणं बंद आहे.)

चारही चाकांच्या आत डोकावलो, गाडीखाली जुनी चादर अंथरून पाहिली. तेलाचा एक थेंब नाही. ब्रेक ऑइलची डबी भरलेली. मग ऐकीव परीक्षा करून पाहिली: इंजिन चालू ठेवून पेडल दाबून धरायचं, खाली गेलं तर दोष. मी दाबलं, तर दगडासारखं टणक! खुशीत चक्कर मारायला निघालो आणि कोपऱ्यावर पेडल पुन्हा तळाला. हँडब्रेकने लाज राखली. पुन्हा परीक्षा, पुन्हा टणक. शेवटी तुमची ताई शेजारी येऊन बसली, माझ्या पायाकडे बघत राहिली आणि म्हणाली, "अहो, ब्रेक दाबताय की मशीन चालवताय?"

मेहुणेबुवा, उभा जन्म शिलाई मशीनवर गेला. रस्त्यावर जीव मुठीत असतो म्हणून पाय दाबलेलाच राहतो; पण घरी निवांत बसून पेडलवर पाय पडला की तो खालीवर होणारच, मला पत्ताही लागत नाही. आणि ब्रेक असा सारखा मारत राहिलं की तेल पुन्हा पुन्हा दाबलं जातं, पेडल वरच राहतं. म्हणजे आजाऱ्याला गुदगुल्या करून हसवायचं आणि ठणठणीत आहे म्हणायचं, असं माझं चाललं होतं. मग माझ्या जागी तुमची ताई बसली. ज्या शांतपणे ती मला गप्प करते त्याच शांतपणे तिने पेडल दाबून धरलं, आणि ते बघता बघता खाली गेलं. बाहेर थेंब नाही, म्हणजे गळती आतच: चाकांकडे तेल ढकलणाऱ्या मास्टर सिलिंडरमधलं रबर झिजलंय आणि तेल त्याच्या कडेने मागे निसटतंय. अपमान गिळून गॅरेजवाल्याला बोलावलं. त्यानेही तेच सांगितलं! मला इतका आनंद झाला की मी त्याला नवी पँट कबूल केली. फक्त सिलिंडर बाहेरून मागवावा लागतोय, तो मंगळवारी येईल.

लोभ आहेच, तो कमी होऊ देऊ नका.

तुमचा,
दाजी

ता. क. : शनिवारी तुमच्या गाडीची किल्ली न्यायला येतो. तुम्ही मात्र सोबत येऊ नका, कंबर जपा. (खरं सांगू? तुम्ही आलात की वाटभर तुम्हीच बोलाल. मला लेकीशी बोलायचंय. घर आत्तापासूनच रिकामं वाटायला लागलंय.)

आणखी एक ता. क. : पाकीट चिकटवत होतो, तेवढ्यात लेकीने सांगितलं की तिने बसचं तिकीट कधीच काढलंय. एकटीचं. तरी गाडी लागेलच, स्टँडपर्यंत मीच सोडणार. (स्टँड आमच्या घराच्या मागेच आहे, माहीत आहे मला. मी लांबच्या रस्त्याने नेईन.)